गणपतीच्या आत लादी बसवायलाच हवी का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या, त्यांचे यजमान आणि 78 वर्षांच्या सासूबाई असे तिघं गावच्या घरात बारमाही राहतात. थोरले दीर आणि जाऊबाई ठाण्याला असतात. घर चिऱ्याचं, जुनं. माजघरात आणि स्वयंपाकघरात लाल कोबा, ओटीवर आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणलेल्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, पडवीत शहाबादी. कोबा जागोजागी तडकला आहे आणि पावसाळ्यात त्याला ओल धरते. थोरल्या दिरांनी यंदा गणपतीच्या आत सगळ्या घरात पांढरी चकचकीत विट्रिफाइड (जास्त आचेवर भाजून काचेसारखी घट्ट झालेली) लादी बसवायचं ठरवलं आहे. खर्च ते करणार. लादी बसली की ओल आपोआप बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई ठाम विरोधात आहेत: ‘त्या लादीने सांधे धरतात, आपला कोबाच बरा.’ यजमानांना कोटा दगड हवा आहे. शेजारी लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट सुचवतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘पैसे माझे नाहीत म्हणून मी गप्प आहे, पण पुसायची मलाच आहे. सगळ्यात चांगली लादी कोणती तेवढं सांगा.’

ताई,

‘पुसायची मलाच आहे’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. जमिनीवर दिवसभर कोण वावरतं, कोण बसतं, ओल्या पायांनी कोण आत येतं आणि फडकं कोण मारतं, यावर लादी ठरते. तुमच्या घरात ही माणसं तुम्ही तिघं आहात. भाऊजी पैसे देतायत हा त्यांचा मोठेपणा, आणि तो मनापासून मान्य करावा. पण त्यामुळे तुम्ही गप्प बसायला हवं असं मला अजिबात वाटत नाही. उलट तुम्ही बोलला नाहीत तर त्यांचे पैसे वाया जायची भीती आहे. कारण तुमच्या घराची मुख्य अडचण लादी नसून ओल आहे, आणि लादी ओल बंद करत नाही.

आधी ती ओल कुठून येते ते पाहा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा जाड कागद घ्या. माजघरातल्या कोब्याचा एक भाग कोरडा पुसून त्यावर तो कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कागदाच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, किंवा खालचा कोबा गडद झाला, तर पाणी जमिनीतून वर येतंय. कागद खालून कोरडा आणि वरून दमट असेल, तर ती हवेतली ओल आहे. दमट हवा गार जमिनीला लागते आणि तिथे पाणी धरतं, ज्याला आपण जमिनीला घाम आला म्हणतो. एकाच घरात दोन्ही असू शकतं, म्हणून माजघरात, स्वयंपाकघरात आणि मागच्या भिंतीलगत असा तीन ठिकाणी कागद लावा. सासूबाईंनाही विचारा. कुठल्या कोपऱ्यात आधी ओल धरते, कुठल्या पावसात धरते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या पायांना जेवढं कळलंय तेवढं कुठल्याही गवंड्याला एका फेरीत कळणार नाही.

जमिनीतून पाणी येत असेल तर विट्रिफाइड लादीने काय होईल? ही लादी पाणी जवळजवळ पीतच नाही. तिचं जलशोषण 0.5 टक्क्याहून कमी असतं. एरवी हा तिचा गुण. पण खालून येणारं पाणी त्यामुळे थांबत नाही, फक्त अडतं. मग ते सांध्यांतून वर येतं, सांधे काळे पडतात, आणि उरलेलं बाजूला सरकून भिंतीत चढतं. वर्ष-दोन वर्षांत भिंतीच्या तळाचा गिलावा फुगून पडायला लागतो, लोणा लागतो. पूर्वी सारवलेली जमीन होती तेव्हा हा त्रास एवढा जाणवत नसे, कारण खालची ओल वर येऊन रोज वाळत होती. कोब्याने तो मार्ग अर्धवट बंद केला. चकचकीत लादी तो पुरता बंद करेल.

आणि ओल हवेतली असेल, तर विट्रिफाइडवर ती जास्त दिसेल. कोबा निदान थोडं पाणी पिऊन घेतो. चकचकीत लादीवर तोच दमटपणा पाण्याच्या पातळ थरासारखा पसरून राहतो, आणि मृग लागल्यानंतरच्या त्या चिकट दिवसांत घरातली म्हातारी माणसं त्यावरच घसरतात.

म्हणून पहिला खर्च घराबाहेर करा. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या अगदी पायाशी पडत असेल तर छपराला पन्हळ लावून ते लांब न्या. अंगणाचा उतार घराकडे असेल तर तो फिरवा. मागच्या बाजूची माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आली असेल तर ती काढा. कोकणातल्या कितीतरी घरांची निम्मी ओल एवढ्याने कमी होते, आणि यातलं काहीच महाग नाही. त्यातूनही ओल उरली तर कोबा फोडून नीट काम करावं लागेल: खालचा भराव ठोकून घट्ट करायचा, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर निदान 250 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, जोडाच्या ठिकाणी अर्धा फूट एकमेकांवर चढवून आणि भिंतीशी वर वळवून, त्यावर तीन-चार इंच काँक्रीट आणि मग लादी. भिंतीच्या तळाशी सिमेंटचा गिलावा असेल तर तेवढ्या पट्ट्यात तो काढून चुन्याचा करून घ्या, म्हणजे भिंतीत आलेली ओल बाहेर वाळायला वाट राहील. चिऱ्याच्या जुन्या भिंतींना लागून खणताना मात्र जाणकार माणूस समोर उभा असू द्या.

आता सांगा, हे काम श्रावणात, धो-धो पावसात, दोन महिन्यांत कसं व्हायचं? काँक्रीटला नुसती ताकद धरायलाच 28 दिवस लागतात, वाळायला त्याहून जास्त, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते वाळतच नाही. ओल्या जमिनीवर घाईने चिकटवलेल्या लादीवर गणपतीत पन्नास माणसं आरतीला उभी राहणार, रात्री बायका फुगड्या घालणार. गणपतीच्या आत लादी हवी हा भाऊजींचा हट्ट प्रेमातून आलाय हे मला कळतं. वर्षातून एकदा सगळं कुळ जमतं तेव्हा घर देखणं दिसावं असं कुणाला वाटणार नाही? पण हे काम दिवाळीनंतर धरा. जानेवारी ते एप्रिल हा आपल्याकडचा उत्तम काळ. जमीन कोरडी, गवंडी मोकळे, आणि मे महिन्यात मुंबईकर मंडळी येतात तोवर सगळं वाळून तयार. यंदाच्या गणपतीसाठी तडकलेल्या जागा भरून घ्या आणि माजघरात चांगल्या जाड सतरंज्या अंथरा.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. एकच लादी घरभर घालायची, हे कुणी ठरवलं? फ्लॅटमध्ये ते चालतं, कारण तिथे सगळ्या खोल्या एका पातळीत आणि एका छपराखाली, आणि पाऊस गॅलरीच्या बाहेर. तुमच्या घरात पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणी या पाच ठिकाणी पाच वेगळी कामं चालतात.

स्वयंपाकघरात यजमानांचा कोटा नको, असं मी स्पष्ट सांगेन. कोटा चांगला दगड आहे. राजस्थानात रामगंज मंडीच्या खाणींतून येतो, टिकाऊ आहे, पायाला गार लागतो, आणि पॉलिश उतरलं तर जागेवर पुन्हा करता येतं. पण तो चुनखडीचा दगड आहे. शहाबादी, कडप्पा आणि तांदूरही त्याच जातीचे. चुनखडीला आंबट चालत नाही. आणि तुमच्या घरात उन्हाळाभर काय चालतं? कोकमं फोडायची, आगळ काढायचं, कैऱ्या किसायच्या, चिंच फोडायची. आगळाचा एक ओघळ रात्रभर राहिला तर कोट्याचं पॉलिश जाऊन तिथे खरखरीत, फिकट डाग राहतो आणि तो पुसून निघत नाही. सिमेंटच्या कोब्याचंही तेच होतं. तुमचा कोबा चुलीजवळ आणि पाट्याजवळ जास्त झिजलेला दिसतोय का पाहा. तेव्हा स्वयंपाकघरात विट्रिफाइडच घ्या, पण मॅट, म्हणजे न चमकणारी. रंग राखाडी किंवा मातकट. तुमच्या लाल मातीत पांढरी लादी घेणं म्हणजे दिवसातून चार वेळा फडकं हातात घेणं, आणि ते फडकं ठाण्याहून कुणी मारायला येणार नाही.

दुकानात विट्रिफाइडचे प्रकार ऐकून गोंधळायला होईल, म्हणून थोडक्यात. जीव्हीटी म्हणजे वर छापलेली नक्षी आणि त्यावर काचेसारखा थर. दिसायला सुंदर, पण जड भांडं पडून टवका उडाला तर खालचा वेगळा रंग दिसतो. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. फुल बॉडीमध्ये रंग आरपार असतो. नारळ, पाटा-वरवंटा आणि पितळी पातेली असलेल्या स्वयंपाकघरात मी फुल बॉडी घेईन. पीजीव्हीटी हा चकचकीत प्रकार, भाऊजींनी बहुधा तोच पाहिलाय. तो तुमच्या घरात कुठेच नको.

चकाकीबद्दल आणखी एक. चमकते ती जमीन स्वच्छ, असं आपल्या डोळ्यांना वाटतं. पण ज्यांना मोतीबिंदू आहे किंवा नजर कमी झाली आहे, त्यांना चकचकीत पांढऱ्या लादीवर खिडकीचा उजेड परतून डोळ्यांत येतो आणि सांडलेलं पाणी दिसतच नाही. सासूबाईंना त्या लादीची भीती वाटते त्यामागे हेही असेल. त्यांनी कारण सांध्यांचं दिलंय. गार जमिनीवर दुखरे गुडघे आखडतात हे खरंच आहे, पण तो गारवा विट्रिफाइडचा एकटीचा नाही. कोबा, कोटा, शहाबादी, सगळ्याच गार. त्यावर उपाय म्हणजे घरात घालायच्या वेगळ्या रबरी चपला आणि बसायला जाड बैठक. त्यांना नुसतं ‘तसं काही नसतं’ म्हणू नका. तुम्हाला नेमकी कुठे भीती वाटते, असं विचारा. मला वाटतं, त्या न्हाणीकडे बोट दाखवतील.

न्हाणीवर खर्च करताना हात आखडता घेऊ नका. इथे एक फूट बाय एक फुटाची खरखरीत अँटीस्किड लादी घ्या. लहान लादीचे सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त, आणि उतारही नीट काढता येतो. लादी बसवण्याआधी पाणी ओतून उतार तपासा. मोरीच्या तोंडाकडे पाणी आपणहून गेलं पाहिजे, खराट्याने लोटावं लागता कामा नये. भिंतीला आधाराची दांडी लावा, स्टीलची, बोल्टने पक्की. न्हाणीतला पाणी तापवायचा चूलवण अजून वापरात असेल तर त्याच्याभोवती काळा दगड ठेवा.

घसरण्याचा अंदाज देणारा एक आकडा कंपन्यांच्या माहितीपत्रकात असतो: आर 9 ते आर 13. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आर 9 कोरड्या खोलीपुरता ठीक, स्वयंपाकघराला आर 10, आणि पाऊस येतो तिथे, म्हणजे पडवीला आणि पायऱ्यांना, आर 11. दुकानदाराकडे तो आकडा मागा. नसेल त्याच्याकडे, तर लादी जमिनीवर ठेवून त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि अनवाणी उभं राहून पाहा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पडवीतली शहाबादी उखडू नका. नारळ सोलायला, ओल्या छत्र्या टेकायला आणि शेतातून आलेल्या पायांना ती उत्तम आहे. हललेल्या लाद्या पुन्हा बसवा आणि सांधे भरा, एवढं पुरे. फक्त तिच्यावर संडासाला वापरतात ते ॲसिड कधीही टाकू नका, ओटीवरही नको. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा.

आणि ओटी. ताई, ओटीवरच्या त्या नक्षीच्या लाद्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला त्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्या भट्टीत भाजलेल्या नसतात. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग साच्यात हाताने ओतून, यंत्राने दाबून त्या बनतात, आणि रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणून वर झीज झाली तरी नक्षी जात नाही. 1922 पासून या लाद्या बनवणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी आजही त्या बनवते, म्हणजे चार-दोन फुटल्या असतील तर जुळवून घेता येण्याची शक्यता आहे. चांगल्या पॉलिशवाल्याकडून हलक्या हाताने घासून घेतल्या की रंग पुन्हा उजळतील. त्यांवर नवी लादी चिकटवायची कल्पना कुणी काढली तर कृपा करून अडवा. एकदा चिकटवली की त्या सुट्या करून परत मिळणार नाहीत.

माजघराबाबत मला एकच एक उत्तर देववत नाही. ओल जमिनीची नाही असं निघालं आणि कोबा फक्त वरवर तडकलेला असेल, तर तो काढून नवा लाल कोबा करून घेणं हा खरोखर चांगला पर्याय आहे. अडचण एवढीच की रेड ऑक्साइडचा कोबा गुळगुळीत घोटणारे हात आता कमी उरलेत. गावात असा म्हातारा गवंडी असेल तर त्याला आधी गाठा, त्याने केलेल्या दुसऱ्या घरची जमीन पाहा, आणि मग ठरवा. तसा कुणी नसेल तर इथे कोटा घाला, यजमानांचं मन राखलं जाईल. माजघरात आगळ सांडत नाही. फक्त देवासमोरच्या जागेत तेल आणि कुंकू पडतं, तिथे पाटाखाली ग्रॅनाइटचा एक तुकडा बसवून घ्या.

लॅमिनेटचा विचार सोडून द्या. त्याच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही, शिवाय वाळवीला आयतं घर. व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची जमीन, पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण जमिनीतून ओल येत असेल तर त्याच्याखाली बुरशी धरते.

जुन्या जमिनीवरच नवी लादी चिकटवू, म्हणजे फोडाफोड वाचेल, असंही कुणीतरी सुचवेल. खालची जमीन कोरडी आणि घट्ट असेल तर हे करता येतं. पण लादी आणि चिकटवण्याचा थर मिळून पातळी अर्ध्या इंचाहून जास्त चढते. तुमच्या घरात प्रत्येक दाराला उंबरठा असणार, आणि दारं बहुधा फणसाची किंवा सागाची. ती खालून तासावी लागतील, उंबरठे बुजतील, आणि इतकी वर्षं ज्या उंचीवर सासूबाईंचा पाय सवयीने पडतो ती उंची बदलेल. वयस्कर माणूस पडतं ते अशाच अर्ध्या इंचावर.

कारागीर ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. विट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. त्यासाठीचं ॲडेसिव्हच वापरायचं. ते दातेरी थापीने सगळीकडे पसरायचं, चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून वर लादी दाबायची नाही. पोकळ राहिलेल्या लादीवर नारळ पडला की ती फुटते. दोन लाद्यांमध्ये स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) घालून निदान दोन-तीन मिलिमीटर फट सोडायची. ‘सांधा दिसणारच नाही’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तरी ऐकायचं नाही, कारण फट नसली तर थंडी-उन्हात लाद्या एकमेकींना ढकलून मधूनच वर उचलतात. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत सांधे इपॉक्सीने, म्हणजे पाणी न पिणाऱ्या मसाल्याने, भरा, रंग राखाडी. काम झाल्यावर प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करून पाहा. पोकळ आवाज येईल ती पैसे चुकते करण्याआधी काढून पुन्हा बसवून घ्या.

भाऊजींशी बोलणं कसं काढायचं, हा तुमच्यापुढचा खरा पेच. तो प्लास्टिकचा कागद उचलताना फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. मग यजमानांनी फोन करावा, आणि सासूबाई आणि तुम्ही शेजारी बसा. नको म्हणून सुरुवात करू नका. ‘भाऊजी, तुम्ही काढलेत ते पैसे घराच्या कामालाच लावू. पण आधी जमिनीखालचं आणि न्हाणीचं करू, आणि लादी जानेवारीत तुम्ही येऊन पसंत करा,’ असं म्हणा. लादी निवडायला त्यांना आणि जाऊबाईंना मुद्दाम बोलवा. ओटी घासून उजळली की गणपतीत येणारा पाहुणा आधी तिथेच थांबेल, हेही त्यांना सांगा. आजोबांच्या हातची वस्तू आहे, त्यांनाही ती प्रिय असणारच.

लादी घेताना मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. 600×600 मिलिमीटरच्या चार लाद्यांच्या खोक्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला आठ खोकी लागतील. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे गाडीतून उतरवतानाच तपासा. उरलेलं खोकं माळ्यावर ठेवून त्यावर खोलीचं नाव आणि साल लिहून ठेवा. पाच वर्षांनी एक लादी फुटली तर तीच शेड बाजारात मिळत नाही.